कोर्स संपल्यावर उठलेलं पुरळ: आधी तोंड-डोळे बघा, मग दिवस मोजा

प्रश्न असा आहे. सायनससाठी अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिडची एकत्र गोळी सात दिवस घेतली, मध्ये डोकं दुखलं तेव्हा दोन-तीनदा आयबुप्रोफेन. कोर्स संपला आणि त्यानंतर दोन दिवसांनी छाती-पाठीवर लाल पुरळ उठलं. आता ते दंडांवर, मांड्यांवर उतरतंय, खाज आहे, अंगात ९९-१०० ताप आहे. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन तीन वर्षांपासून चालू आहे. गोळ्या तर संपल्या, मग हे औषधाचं कसं? अ‍ॅम्लोडिपिन थांबवू का? वरून काय लावू? आणि आता पेनिसिलिन जन्मभर बंद का?

उत्तर आधी, कारणं मागाहून. वर्णनावरून हे अ‍ॅमॉक्सिसिलिनच्याच गोळीचं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. अ‍ॅम्लोडिपिन चालू ठेवा. 'जन्मभर बंद' हे आज ठरवायचं नाही, त्याची वेळ पुरळ पूर्ण बरं झाल्यावर येते. पण यातलं काहीही करण्याआधी चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहा आणि पुढच्या गोष्टी स्वतः तपासा. साधं पुरळ आणि जिवावर बेतणारं पुरळ पहिल्या दिवशी सारखंच दिसू शकतं. फरक पुरळाच्या लालपणात नसतो, तो पुरळाच्या आजूबाजूला असतो.

तोंड उघडून ओठांची आतली बाजू, जीभ आणि टाळू बघा. तिथे फोड, सोललेली जागा किंवा गिळताना आग होते का? डोळे लाल, चिकट, उजेड सहन होत नाही असे झालेत का? लघवीच्या जागी जळजळ किंवा जखम आहे का? मग त्वचेवर बोट फिरवा. खाज सुटते की दुखतं? साधं औषधी पुरळ खाजतं. नुसतं बोट लागलं तरी कातडी दुखत असेल, उन्हाने भाजल्यासारखी हुळहुळत असेल, तर ते वाईट लक्षण आहे. डागांच्या मध्यभागी जांभळट-राखाडी रंग आलाय का, फोड आहेत का, चोळल्यावर वरचा पापुद्रा सरकतो का, हे बघा. सकाळी चेहरा, विशेषतः डोळ्यांभोवती आणि कानाच्या पाळ्या, सुजतात का? मानेत, काखेत, जांघेत गाठी लागतात का? ताप १०१ च्या वर गेलाय का? शेवटी काचेचा पारदर्शक पेला डागावर दाबा. काचेखाली लाली पुसली गेली तर ठीक. डाग तसाच दिसत राहिला तर रक्त कातडीत झिरपलंय. पायांवर उभं राहून राहून असं थोडं होऊ शकतं, पण पोटा-छातीवर दिसलं तर त्याच दिवशी तपासणी हवी.

यातलं एकही 'हो' निघालं तर पुढचं वाचत बसू नका. संशयित औषधाचा पुढचा डोस न घेता, सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून थेट रुग्णालय गाठा. पट्ट्या नेणं महत्त्वाचं आहे, कारण घाईत सांगितलेलं 'ती पांढरी लांबट गोळी' कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

सगळी उत्तरं 'नाही' आली असतील, तर आता दिवस मोजू.

औषधाच्या पुरळात सगळ्यात जास्त माहिती देणारी गोष्ट म्हणजे औषध सुरू केल्यापासून पुरळ उठेपर्यंत गेलेला काळ. पुरळाचा फोटो बघून औषधाचं नाव सांगता येत नाही. दिवस कळले तर बऱ्याचदा येतं. तुमच्यासारखं गोवराच्या जातीचं पुरळ हा औषधी पुरळाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. ते पहिल्या डोसपासून साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात येतं. शरीराचं रक्षण करणाऱ्या टी-पेशींना ते औषध ओळखून, वाढून, कातडीपर्यंत पोहोचायला तेवढे दिवस लागतात. एकदा ही फौज तयार झाली की पोटात गोळी जातेय की थांबलीय यावर ती लगेच थांबत नाही. म्हणून सात दिवसांचा कोर्स संपून नवव्या दिवशी पुरळ उठणं हे नियमाला धरूनच आहे. हेच औषध पुन्हा घेतलं तर फौज आधीच तयार असते, मग पुरळ एक ते तीन दिवसांतच येतं.

तीन वर्षं रोज घेतलेली, डोस न बदललेली गोळी अचानक असं पुरळ उठवत नाही, म्हणून अ‍ॅम्लोडिपिनवरचा संशय जवळजवळ शून्यावर येतो. तो आळ घेऊन गोळी थांबवली तर पुरळ आपल्या गतीने जाईल आणि रक्तदाब मात्र चढेल. जुन्या औषधांचे अपवाद आहेत आणि ते माहीत हवेत. एनॅलाप्रिल, रामिप्रिल या गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी ओठ-जीभ सुजणं महिन्यांनी, वर्षांनीही होऊ शकतं, आणि त्यात खाज किंवा अंगावर उठणाऱ्या गांधी नसतात. काही रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी जांभळट, चपटे, चिवट चट्टे कित्येक महिन्यांनी येतात. पण छाती-पाठीवर उठून दोन दिवसांत हातापायांवर उतरणारं पुरळ या दोन्हींत बसत नाही.

दुसऱ्या प्रकारांची घड्याळं वेगळी असतात. गोळी घेतल्यापासून काही मिनिटं ते तास-दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, म्हणजे घरगुती भाषेत पित्त उठलं, तर तो तातडीचा प्रकार. नावात पित्त असलं तरी त्याचा आम्लपित्ताशी संबंध नाही, आणि आम्लपित्ताची गोळी त्यावर उतारा नाही. गांधी ओळखायची खात्रीची रीत सोपी आहे: एका गांधीभोवती पेनाने रेघ मारा. चोवीस तासांत ती तिथून नाहीशी होऊन दुसरीकडे उठली तर गांधी. रेघेच्या आतच बसून राहिली तर दुसरं काहीतरी. गांधींसोबत आवाज घोगरा होणं, धाप, घरघर, चक्कर, एकाएकी पोटात मुरडा आणि उलटी यातलं काही आलं तर ते अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी. त्याचं औषध अ‍ॅड्रेनलिन आहे: एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेल्या द्रावणाचं मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला, स्नायूत. रुग्णाला आडवं झोपवून पाय वर, धाप असेल तर बसवून, पण उठवून चालवायचं नाही. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस. सेटिरिझिन किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन हा त्याला पर्याय नाही. ते देत बसल्यामुळे अ‍ॅड्रेनलिनला उशीर होतो आणि माणूस दगावतो तो त्याच उशिरात.

एक-दोन दिवसांत ताप येऊन काखा-जांघांच्या घड्यांत टाचणीच्या टोकाएवढे शेकडो पुवाचे फोड उठले तर तो आणखी निराळा प्रकार. तो दिसतो भयंकर, पण औषध थांबवल्यावर साधारण दोन आठवड्यांत साल निघून जातो. त्या फोडांत जंतू नसतात, त्यामुळे आणखी एक अँटिबायोटिक चढवायची गरज नसते.

ज्याची खरी भीती बाळगायची, त्या स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमचं घड्याळ चार ते अठ्ठावीस दिवसांचं आहे. १९२२ मध्ये स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन डॉक्टरांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. कातडीचा वरचा थर मरून सुटतो. शरीराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी भागाची कातडी सुटली तर हे नाव, तीस टक्क्यांच्या वर गेलं तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, ज्यात मृत्यूचं प्रमाण तीनात एकाच्या आसपास जातं. बोटांसह स्वतःचा एक तळहात म्हणजे सुमारे एक टक्का, हे माप धरून अंदाज घेतात. इथे एक चूक पुन्हा पुन्हा होते. पुरळाच्या आधी एक ते तीन दिवस ताप, घसादुखी, डोळ्यांची आग असते. सर्दी-ताप समजून माणूस त्यासाठी एखादी गोळी घेतो, दुसऱ्या दिवशी फोड येतात आणि आळ त्या शेवटच्या गोळीवर जातो. खरा गुन्हेगार दोन-तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालेला असतो आणि त्याचे डोस चालूच राहतात. नेहमीची नावं अशी: युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल, आकडीसाठी कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन आणि लॅमोट्रिजिन, सल्फा गटातलं अँटिबायोटिक कोट्रायमॉक्साझोल, सांधेवातासाठी सल्फासालाझिन, एचआयव्हीसाठी नेव्हिरापिन, आणि दुखण्याच्या गोळ्यांतली मेलॉक्सिकॅम-पायरॉक्सिकॅमची जात.

यातल्या काहींचा धोका आधीच कमी करता येतो. लॅमोट्रिजिन पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर दिवसाआड २५, कारण व्हॅल्प्रोएटमुळे ते शरीरातून हळू बाहेर पडतं आणि रक्तातली पातळी चढते. चार-पाच दिवसांहून जास्त खंड पडला तर जुन्याच डोसवर उडी न मारता डॉक्टरांना विचारून पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागते. अ‍ॅलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमने, मूत्रपिंड अधू असेल तर ५० किंवा त्याहूनही कमीने सुरू करतात. कार्बामाझेपिनच्या आधी एचएलए-बी १५:०२ या जनुकाची रक्ततपासणी करून घ्यावी, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्येच आशियाई वंशाच्या लोकांसाठी सुचवलं. ती चाचणी सकारात्मक आली तर ते औषध टाळतात.

आणखी एक प्रकार आहे, ज्याचं घड्याळ याहूनही लांब: दोन ते आठ आठवडे. डॉक्टर त्याला ड्रेस म्हणतात. ताप, सुजलेला चेहरा, गाठी, रक्तात इओसिनोफिल पेशी वाढलेल्या, आणि बहुतेक वेळा यकृताला सूज. पुरळ यातला सर्वांत निरुपद्रवी भाग. औषध सुरू होऊन महिना लोटलेला असल्यामुळे घरच्यांना आणि कधी डॉक्टरांनाही ते औषध 'नवं' वाटत नाही, तिथेच निदान हुकतं. बरं वाटल्यावर त्यासाठी दिलेलं स्टेरॉइड भराभर कमी केलं तर तो उलटतो, म्हणून डोस आठवडे-महिने लावून उतरवतात. पुढचे काही महिने थायरॉइडही तपासत राहावं लागतं.

तुमच्या बाबतीत आता हे करा. कागदावर पुरळ उठल्याच्या दिवशी शून्य लिहा आणि तिथून मागे आठ आठवडे जा. त्या काळात पोटात गेलेलं, टोचलेलं, डोळ्यांत घातलेलं, अंगाला लावलेलं सगळं मांडा: सुरू कधी, शेवटचा डोस कधी, आधी कधी घेतलं होतं का. जीवनसत्त्वं, काढे, वजन कमी करायच्या पावडरी, दुसऱ्याच्या पट्टीतून घेतलेली एकच दुखण्याची गोळी, तपासणीच्या वेळी टोचलेलं रंगद्रव्य, हे सगळं यायला हवं. 'औषध काही घेतलं का' असं विचारलं की लोक 'नाही' म्हणतात आणि नेमकी ही यादी वगळतात. मग दिवसाच्या उजेडात फोटो काढा: एक पूर्ण पाठ दिसेल असा, एक वीतभर अंतरावरून, एक अगदी जवळून शेजारी नाणं ठेवून. पुरळ तीन दिवसांत रंग बदलतं आणि डॉक्टरांना दिसतं ते बदललेलं.

डॉक्टरांना आज-उद्या दाखवाच. ताप आहे, पुरळ पसरतंय, म्हणून रक्तपेशींची मोजणी (सीबीसी), यकृताची एन्झाइम्स, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून घेणं शहाणपणाचं. हे रक्त स्टेरॉइडचा कुठलाही डोस देण्याच्या आधी घ्यायचं, कारण एका डोसने इओसिनोफिल खाली येतात आणि अहवाल खोटा धीर देतो. याच कारणाने, पुरळ दिसताच स्टेरॉइडचं इंजेक्शन टोचून घेण्याची घाई करू नका. साध्या पुरळाला बहुधा त्याची गरज नसते.

खाजेसाठी सेटिरिझिन १० मिलिग्रॅम रात्री एकदा. मूत्रपिंड कमजोर असेल तर निम्मं. ही खाज गांधींसारखी मुख्यतः हिस्टामिन या रसायनाची नसते, त्यामुळे गोळीने पूर्ण थांबत नाही. गोळी निकामी आहे असं समजून दिवसातून चार घेऊ नका. खरा आराम मलमाने पडतो: सकाळ-संध्याकाळ साधं, बिनवासाचं, भरपूर. सगळ्या अंगाला लावायचं तर मोठ्या माणसाला आठवड्याला पाव ते अर्धा किलो लागतं. स्टेरॉइडचं मलम, उदाहरणार्थ मोमेटासोन ०.१ टक्का दिवसातून एकदा, फक्त जिथे खाज झोपू देत नाही तिथे आणि पाच-सात दिवसच. चेहऱ्यावर हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का. त्याचं माप असं: ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. छाती-पोटाला अशा सात रेघा, पाठीला सात. म्हणजे पुढून-मागून एकदा लावायलाच सात ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांत संपते, हे आधी कळलं की कंजूषपणे पुसटसं लावून 'फरक नाही' म्हणण्याची वेळ येत नाही. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेलं मलम नको. त्यातल्या निओमायसिनसारख्या घटकांनीच काहींना इसब होतं आणि मग एका पुरळावर दुसरं चढतं.

अंघोळ कोमट पाण्याने, घासणी न लावता, जंतुनाशक पाण्यात न घालता. तापाला पॅरासिटामॉल चालेल, कारण ते तुमच्या यादीत संशयित नाही; आयबुप्रोफेन तूर्त नको. नवी औषधं कमीत कमी ठेवा, नाहीतर यादी गढूळ होते.

पुढे काय होईल हे आधी माहीत असावं. कारणीभूत औषध थांबवूनही पुरळ दोन-तीन दिवस वाढू शकतं. मग लालीचं तपकिरी होतं, वरपासून खाली उतरतं, सात ते चौदा दिवसांत जातं आणि जाताना कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात. हे कोरडे, बारीक पापुद्रे म्हणजे बरं होणं. ओल्या, दुखऱ्या, मोठ्या चादरी सुटणं वेगळं, ते संकट. वरच्या आरशासमोरच्या तपासण्या पुढचे चार दिवस रोज सकाळी करा.

ज्यांची गोळी अजून चालू आहे आणि पुरळ उठलंय त्यांच्यासाठी: साधं अँटिबायोटिक असेल तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, बहुतेकदा दुसऱ्या गटातलं मिळतं. आकडीचं औषध मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका, एकाएकी बंद केल्याने आकड्यांची रांग लागू शकते. पुढच्या डोसच्या आधी फोन करा आणि दुसरं औषध ठरवून घ्या. वर सांगितलेलं एखादं धोक्याचं लक्षण असेल तर फोनची वाट न बघता रुग्णालयात जा. तिथे जुनं थांबवून लगेच पर्याय देता येतो. पर्याय निवडताना फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन ही एकमेकांची भावंडं आहेत. एकाने बाधा झाली की दुसऱ्यानेही होण्याची शक्यता मोठी.

एका प्रकाराकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, म्हणून थोडं जवळून. ओठाच्या कडेवर, बोटांच्या मागे किंवा गुप्तांगावर रुपयाएवढा गोल, जांभळट-काळा डाग. आधी आग, कधी मधोमध फोड, मग आठवडाभरात विझून मागे राखाडी खूण. काही महिन्यांनी तो पुन्हा नेमक्या त्याच जागी पेटतो. त्या जागच्या कातडीत काही टी-पेशी तळ ठोकून बसलेल्या असतात आणि औषध रक्तात आलं की अर्ध्या तासापासून काही तासांत त्या जाग्या होतात. गुप्तांगावर आला की लोक लाजेने लपवतात किंवा लैंगिक आजार समजून घाबरतात, नात्यांत संशय शिरतो. कारण मात्र दोन तास आधीची दुखण्याची, जुलाबाची किंवा बुरशीची गोळी असतं: कोट्रायमॉक्साझोल, मेट्रोनिडाझोल-टिनिडाझोल-ऑर्निडाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन-नॉरफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन, नॅप्रोक्सेन, फ्लुकोनाझोल, क्वचित पॅरासिटामॉलही. दोन औषधं एका गोळीत असतील तर कुठल्याने झालं हे कळत नाही आणि ब्रँड बदलला की तेच औषध दुसऱ्या नावाने परत पोटात जातं. प्रत्येक वेळी डागांची संख्या वाढते, आणि फार वाढली तर अंगभर फोडांपर्यंत जातं.

आता पेनिसिलिनचं. 'मला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे' म्हणणाऱ्या दहा जणांची नीट तपासणी केली तर नऊ किंवा त्याहून जास्त जणांना ते बिनधोक देता येतं. लहानपणी विषाणूच्या तापात उठलेलं पुरळ तेव्हाच चालू असलेल्या अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या नावावर लागतं आणि जन्मभर चिकटतं. ग्रंथिज्वरात, म्हणजे घसा आणि मानेच्या गाठी सुजवणाऱ्या एका विषाणूच्या तापात, तर अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं की बऱ्याच जणांना पुरळ येतं आणि तो आजार सरल्यावर बहुतेकांना तेच औषध सोसतं. खोट्या शिक्क्याची किंमत मोठी असते: पुढच्या गंभीर संसर्गात चांगलं औषध हाताशी असून देता येत नाही. म्हणून पुरळ जाऊन चार ते सहा आठवडे झाले की अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जा. ते त्वचेची चाचणी किंवा देखरेखीखाली थोडा डोस देऊन बघतील. घरी 'एक गोळी घेऊन बघतो' हे नको. फोड, सुटलेली कातडी किंवा ड्रेस झालेल्यांना तर संशयित औषध पुन्हा देऊन बघण्याचा प्रश्नच नाही. तोवर अ‍ॅमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन आणि रचनेने त्यांच्या जवळची सेफाड्रॉक्सिल, सेफालेक्सिन, सेफाक्लोर टाळा. ही शेवटची तीन सेफॅलोस्पोरिन गटातली अँटिबायोटिकं, पण सगळीच सेफॅलोस्पोरिन बाद होत नाहीत. सेफाझोलिनची रचना निराळी आहे. तसंच कोट्रायमॉक्साझोलने पुरळ आलेल्या माणसाला 'सल्फा' शब्दामुळे लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड नाकारण्याचं कारण नसतं.

तोपर्यंत पाकिटात एक चिठ्ठी ठेवा. नुसतं 'अँटिबायोटिक चालत नाही' असं त्यावर लिहू नका. असं लिहा: 'अ‍ॅमॉक्सिसिलिन ५०० + क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड १२५, सात दिवस. पहिल्या डोसपासून नवव्या दिवशी गोवरासारखं पुरळ, खाज, सौम्य ताप. फोड नाहीत, तोंड-डोळे ठीक, श्वासाचा त्रास नाही, चेहऱ्याला सूज नाही. सोबत आयबुप्रोफेन, अ‍ॅम्लोडिपिन. चाचणी बाकी.' खाली तारीख, सीबीसी-यकृताचे आकडे आणि ब्रँडचं नाव. दोन्ही घटक वेगळे लिहिणं आवश्यक आहे, कारण काही जणांत बाधा अ‍ॅमॉक्सिसिलिनची नसून क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिडची निघते. चाचणी झाली की 'बाकी' खोडून तिथे निकाल लिहा आणि तोच निकाल तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या कागदावरही लिहवून घ्या. तिथला जुना शिक्का खोडला गेला नाही, तर तुमच्या खिशातली चिठ्ठी बघायला कुणी थांबत नाही.